चार ओव्यांना सव्वा तास

माझं सांगलीत मेडिकल आहे. रात्री नऊला शटर अर्धं ओढायचं, मोबाइल कफ सिरपच्या बाटल्यांना टेकवून उभा करायचा आणि ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथाच्या ऑनलाइन वर्गाला बसायचं, हे गेलं दीड वर्ष दर गुरुवारी चाललंय. मागच्या आठवड्यात पाचवं प्रकरण संपलं. दहातली पाच झाली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. ग्रंथात आठशेच्या आसपास ओव्या आहेत, आमच्या जेमतेम 300 झाल्यात आणि अज्ञानखंडनाचं सातवं प्रकरण एकटंच 300च्या घरात जातं. बाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं होतं. त्या दिवशी 140 जण होते. आता तिसेक उरलोय.

बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची रीत अशी: ओवी दोनदा वाचायची, कुणीतरी तिसऱ्यांदा वाचायची आणि मग थेट विचारायचं, क्रियापद कुठाय? कर्ता कोण? अर्थाचं पुस्तक शेजारी असलं तरी पालथं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी हा ग्रंथ आधी दोनदा वाचला होता. म्हणजे खालचा अर्थ वाचला होता, ओव्या नजरेखालून गेल्या होत्या. पण डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. अंदाजाने वाचलं की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको.

पाचव्या प्रकरणाची पहिली ओवी घ्या. आम्हाला तिला एक अख्खा गुरुवार पुरला नाही. सत्ता, प्रकाश, सुख, म्हणजे आपण सत्-चित्-आनंद म्हणतो ते. हे तीन शब्द त्या वस्तूला, म्हणजे ब्रह्माला, लागू पडत नाहीत असं ज्ञानदेव म्हणतात आणि दाखला देतात विषाचा: ‘विखपणेंचि विख । विखा नाहीं’, म्हणजे विष स्वतःला विष नसतं. मला राहवेना. मी माइक सुरू केला आणि म्हटलं, बाई, माझ्या मागच्या फळीवर डिगॉक्सिन आहे. पाव मिलिग्रॅमची गोळी. हृदयाचं औषध, पण जरा जास्त झालं की जिवावर बेततं. स्ट्रिपमध्ये आहे तोवर ती औषधही नाही आणि विषही नाही. विष व्हायला दुसरं कुणीतरी लागतं.

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘बरोबर. आता मला सांगा, जिथे दुसरं काही नाहीच, तिथे “आहे” हा शब्द कुणाला लागणार?’

कुणीच बोलेना. न्यू जर्सीचे एक काका ऑफिसमधून निघून पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकतात. त्यांच्या खिडकीवर पाऊस वाजत होता, तेवढाच आवाज. पुढे त्याच प्रकरणात उत्तर येतं: श्रुतीने, म्हणजे वेदांनी, ‘सत्’ म्हटलं ते ‘असत् नव्हे’ एवढं सांगायला, ‘चित्’ म्हटलं ते जडपण पुसायला. शब्द काही दाखवत नाहीत, नको ते बाजूला सारतात. हे मी एकटीने वाचलं असतं तर वही काढून ‘नेति नेति’ (हे नव्हे, हे नव्हे) असं लिहून पान उलटलं असतं.

त्या दिवशीचा विनोदही सांगते. पडद्याखाली आपोआप उमटणाऱ्या ओळींत ‘विखा नाहीं’चं ‘विका नाही’ झालं. माझ्यासारखीला तो सल्लाच होता.

तिसऱ्या ओवीत कापूर येतो. शुभ्रपणा, सुगंध, मऊपणा हे तीन वेगळे नाहीत, एकच कापूर. बाईंनी सगळ्यांना घरातला कापूर घेऊन बसायला सांगितलं होतं. मी काउंटरवरचं पाकीट फोडलं. दाबून केलेल्या चौकोनी वड्या, मऊपणाच्या नावाने शून्य. हल्ली बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, हेही मी सांगून टाकलं. बाई हसून म्हणाल्या, ‘बोटांनी चुरा, मग बघा.’ चुरला. थोडा मऊ लागला. माझं पुरतं समाधान झालेलं नाही, पण रात्री घरी जाऊन पोळी तोडेपर्यंत बोटांना वास होता.

आता तक्रारी. गेल्या उन्हाळ्यात बाई महिनाभर मुलीकडे होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या वक्त्यांनी चार गुरुवारांत चाळीसेक ओव्या उरकल्या. उरकल्या म्हणजे काय, प्रत्येकीवरून क्वांटमवर उडी. चॅटमध्ये हात जोडलेल्यांचा पूर आला आणि विचारलेले प्रश्न त्यात वाहून गेले. बाईंनी परत आल्यावर त्या चाळीस पुन्हा घेतल्या, म्हणून मी टिकले. दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी काढून टाकतात. तिमाहीला पाचशे रुपये घेता, मग थोडं जास्त ठेवायला काय हरकत आहे? दुकानदाराला लग्नं-मयतं चुकत नाहीत, सलग दोन गुरुवार बुडाले की मधला धागाच हातचा जातो.

भक्तिभावाने डोळे मिटून ऐकायचं असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. इथे ‘माउली म्हणतात’ असं म्हटलं की ‘कुठल्या शब्दात म्हणतात?’ असा प्रश्न येतो. माझ्या मावशीला मी नाव नोंदवायला लावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तिने फोन करून सांगितलं, ‘अगं, ही शाळा आहे.’ ती हरिपाठाला गेली, सुखात आहे.

येत्या गुरुवारी सहावं, शब्दखंडन. मधूनच आलात तरी चालतं, बाई मागचं विचारत नाहीत. फक्त पोथी मोठ्या टायपाची घ्या. माझी बारीक टायपाची आहे आणि दुकानातली एक ट्यूब महिन्यापासून फडफडतेय, ती या आठवड्यात बदलून घेणार आहे.