घारापुरीची एक दिवसाची ट्रिप: ठीकठाक, पण वार बघून बुक करा

नाशिक रोडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून केली (नाव नाही घेत, माणूस बोलायला गोड आहे). त्याने आधी चक्क सोमवारचं बुकिंग दिलं होतं! सोमवारी लेणी बंद असतात हे आमच्या मावशीला माहीत होतं म्हणून वाचलो, नाहीतर गेटवेवर भेळ खाऊन परत. मग मंगळवार केला, पण फरकाचे पैसे आमच्याकडूनच घेतले, ते काही पटलं नाही.

सकाळी पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे. लाँचला साधारण तासभर लागतो, वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे, पण द्याच, खाली डिझेलच्या वासाने मावशीला मळमळायला लागलं होतं. उतरल्यावर छोटी ट्रेन आहे, पुढे १२० च्या आसपास पायऱ्या, पांडवलेणी चढणाऱ्याला काहीच नाही वाटणार. माकडं मात्र बेरकी, माझ्या हातातली फ्रूटीची बाटली झाकणासकट गेली.

आणि मग ती त्रिमूर्ती. जवळजवळ २० फूट उंच, अंधारात डोळे सरावले की तिन्ही चेहरे हळूहळू दिसायला लागतात, मधला शांत, एका बाजूचा उग्र. मावशी दहा मिनिटं बोललीच नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, बेटावर शोधू नका.

बेटाला पाच स्टार, ट्रॅव्हल्सवाल्याला दोन. पुढच्या वेळी स्वतःच जाणार, लाँचचं तिकीट गेटवेवरच मिळतं.