आजीची पंचाहत्तरी: पैठणी की गोधडी?

आजीला येवल्याची हातमागाची पैठणी द्यावी, असं काकाचं म्हणणं. पैठणी देखणीच. अस्सल असेल तर पदराची नक्षी उलट बाजूनेही तितकीच सुबक दिसते. विणायला कित्येक आठवडे जातात, किंमतही तशीच. पण आजी आता लग्नकार्यालाही सुती नऊवारीच नेसते. पैठणी कपाटातच राहील.

गोधडीला खर्च फक्त शिवणाऱ्या बाईंच्या मजुरीचा. वर आईच्या, आत्याच्या जुन्या साड्या, आत आजोबांचं धोतर, सगळीकडून धावदोरा. मऊ, ऊबदार. कपडे मात्र महिनाभर आधी जमवायला हवेत. ते धोतर आजीच्या ट्रंकेत आहे. तिला न विचारता काढणं मला पटत नाही, म्हणून आधी तिलाच विचारणार. माझं मत गोधडीलाच: रोज रात्री तिच्या अंगावर असेल.