जास्वंद, अडेनियम की रेन लिली: गच्चीवर संकर करायचा तर सुरुवात कशानं?

पुष्पप्रदर्शन बघून आलेल्या माणसाला पुढचे आठ दिवस एक किडा चावत असतो, की आपणही नवं फूल काढायचं. राजारामपुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांना तो गेल्या वर्षी चावला. “एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचा, एवढंच न्हवं? मग कशानं सुरू करू?”

तेवढंच, खरं तर. पराग लावणं पाच मिनिटांचं काम. त्यानंतर उगवलेली तीस-चाळीस रोपं वर्षभर ठेवायची कुठं, हा खरा प्रश्न. म्हणून फुलाच्या सौंदर्याआधी गच्ची किती मोठी, धीर किती आणि मोकळा वेळ कुठल्या ऋतूत, ते बघा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की तो आपल्याला विचारून थांबत नाही.

जास्वंद शिकायला सर्वांत सोपी. फुलातून बाहेर आलेली नळी, तिच्या अंगावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली गुंड्या. त्या गुंड्या म्हणजे कुक्षी. सकाळी परागकोश फुटून भुकटी सुटली की बापाचं फूल खुडून आणायचं आणि त्याची नळी आईच्या पाचही गुंड्यांवर हलकेच घासायची. ब्रशसुद्धा लागत नाही. चार दिवसांत पाकळ्या गळतात. खालचा हिरवा पेला पिवळा पडला नाही, तर जमलं समजा. दीड-दोन महिन्यांत बोंड तपकिरी होऊन फुटायला लागतं. बी सुरीच्या टोकानं जरा खरवडून पेरलं तर लवकर उगवतं.

मात्र आई-बाप निवडताना कुंपणाच्या लाल देशी जास्वंदीच्या नादी लागू नका. पिढ्यान्‌पिढ्या फांद्या लावून वाढवलेलं ते झाड बी धरायला फार हट्टी. नर्सरीतली कलमी, एकेरी फुलांची झाडं घ्या. भरगच्च डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग शोधत बसावं लागतं. हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र. एप्रिलच्या उन्हात बोंडं गळतात आणि पावसाळ्यात पराग धुऊन जातो.

दुसरा धोका घरातलाच. माझा पहिला संकर आईनं संकष्टीला गणपतीला वाहिला. खूण म्हणून देठाला निळा लोकरीचा धागा बांधला होता; तिला वाटलं, मी हौसेनं सजवलंय. तेव्हापासून देवाची झाडं वेगळी आणि माझी वेगळी.

जास्वंदीचा खर्च पुढे कळतो. एका बोंडात दहा बिया निघाल्या तर दहा तोंडं दहा तऱ्हेची. लाल आणि पिवळ्याचं नारिंगी होईलच, हे गणित इथं चालत नाही. फूल बघायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर प्रत्येकाला मोठी कुंडी हवी आणि पिठ्या ढेकणाशी रोजची लढाई. त्यातली बरीचशी फुलं साधीच निघतात. टाकवत नसतील तर या वाटेला जाऊ नका.

अडेनियमला जागा कमी लागते, पण हात गुजरीतल्या सोनाराचा हवा. सगळा कारभार नळीच्या तळाशी लपलेला. पाच परागकोश एकमेकांना चिकटून सुळका होतो, त्याच्या आत पराग आणि कुक्षीही आतच. बापाच्या फुलाची नळी नखानं फाडायची, एक परागकोश उचकटायचा आणि आतली चिकट पिवळी कणी टूथब्रशच्या एका केसावर घ्यायची. मग आईच्या सुळक्याला दोन परागकोशांमध्ये जी फट असते, तिच्यातून ती आत सरकवायची. माझे पहिले डझनभर प्रयत्न वाया गेले. चष्मा असेल तर घालून बसा. चीक विषारी असतो, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

जमलं की जोडशेंगा येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकायला दोन-तीन महिने. शेंगेला आधीच सैल दोरा गुंडाळून ठेवा, कारण बीच्या दोन्ही टोकांना रेशमी झुबके असतात आणि शेंग उकलली की बी वाऱ्यावर जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पराग लावला तर मृगाच्या आत बी हातात येतं. ताजं बी आठवड्यात उगवतं आणि साधारण वर्षाच्या आसपास फूल दिसतं. रोपं छोट्या कुंड्यांत मावतात. पावसात मात्र वर छप्पर हवंच, नाहीतर फुगीर खोड आतून सडतं.

रेन लिलीची चाल उलटी, ती पावसातच रंगते. वळीव पडला की चार-पाच दिवसांत कळ्या. फूल उमलायच्या आधी आईचे सहाही पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि बापाचा पराग कुक्षीला लावायचा. वरून कागदी नळी अडकवली की पावसाचीही भीती नाही. तीन आठवड्यांच्या आत काळं, चपटं बी तयार. ते साठवू नका, लगेच पेरा. एका ट्रेमध्ये पन्नास रोपं सहज बसतात. खोट एकच: काही जातींत परागाशी लग्न न लागताच बी धरतं आणि सगळी पोरं हुबेहूब आईसारखी निघतात. असं झालं तर त्या जातीला पुढच्या वेळी बाप करा.

गुलाबाबद्दल थोडक्यात. गव्हाचे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि त्यांनी हौसेखातर गुलाबाच्याही अनेक जाती काढल्या. म्हणजे हे घरचं माणूस करूच शकत नाही असं नाही. पण फळ पिकायला तीन-चार महिने, मग बी काही आठवडे फ्रिजमध्ये, आणि उगवण तुटपुंजी. पहिलं झाड म्हणून नको.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी रेन लिली, जागा असेल तर जोडीला हिवाळ्यात जास्वंद. दोन्हींचे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. आणि काहीही निवडलंत तरी खुणेची पट्टी पहिल्या दिवसापासून: आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं. पेनची शाई उन्हात उडते. शिसपेन टिकते.

शेजाऱ्यांनी ऐकलं नाही, अडेनियमच घेतलं. चौथ्या की पाचव्या प्रयत्नात शेंगाही धरल्या, सगळ्या गल्लीला दाखवून झाल्या. दोरा तेवढा राहिला. मेमधल्या एका दुपारी वारं सुटलं आणि आता माझ्या रेन लिलीच्या ट्रेमध्ये अडेनियमची दोन रोपं उभी आहेत. ती कुणाची, यावर रोज संध्याकाळी कठड्यावरून आमची चर्चा चालू असते.