चंडीगडची खुर्ची: मूळ घ्यावी की नव्यानं घडवलेली?

उलट्या 'व्ही'सारखे पाय, सागाची चौकट, वेतानं विणलेली बैठक आणि पाठ. चंडीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी १९५०च्या दशकात घडवलेली ही खुर्ची घ्यायची म्हटली की समोर तीन पर्याय येतात: कागदपत्रांसह मूळ खुर्ची, मूळ म्हणून विकली जाणारी पण भरपूर डागडुजी झालेली खुर्ची, आणि आज घडवलेली नवी. माझं मत आधीच सांगतो. रोज बसायला नवी घ्या, संग्रहासाठी मूळ. मधलीच्या वाटेला जाऊ नका.

मूळ खुर्च्यांचं खरं आकर्षण असं की दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. आराखडे चंडीगडच्या उभारणीत काम केलेले स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, पण सुतारकाम वेगवेगळ्या कारखान्यांत हातानं झालेलं. त्यामुळे पायाची जाडी, हातांचा उतार थोडाथोडा बदलतो. लिलावाच्या यादीत बहुधा एकट्या जानरेंचं नाव असतं. युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुरचनाकारांचाही या कामात वाटा होता, हे घेणाऱ्यानं तरी विसरू नये.

यातल्या कितीतरी खुर्च्या भंगार म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं सरकारी कार्यालयांतल्या या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं संरक्षण मात्र शंभर वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूंना, म्हणून त्या अजून त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नको. खुर्ची कोणत्या लिलावातून, कधी बाहेर पडली, याचा कागद मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

कागदानंतर खुर्ची उलटी करून पाहा. पाठीमागे रंगानं छापलेली खात्याची अक्षरं आणि क्रमांक असतात, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. अक्षरं आजही छापता येतात. जुना रंग लाकडाच्या रेषांत मुरलेला आणि मधूनमधून झिजलेला दिसतो. आजूबाजूचं लाकूड ताजं घासलेलं आणि अक्षरं मात्र ठसठशीत, तर काहीतरी गडबड आहे. पायांचे तळ फरशीवर ओढून घासलेले असायला हवेत. वेत नवा असेल तर बिचकू नका, वेत तर बदलावाच लागतो. पाय नवा असेल तर मात्र ती वेगळी वस्तू झाली. डागडुजीच्या खुर्चीत नेमकं हेच होतं: अर्धं लाकूड नवं, कडा घासून गोल झालेल्या, आणि दाम मात्र मूळ खुर्चीचं.

नव्या खुर्च्या बेंगळुरूची फँटम हँड्स ही कंपनी बनवते. इटलीच्या कासिना या फर्निचर कंपनीनंही २०१९ मध्ये जानरेंना मानवंदना म्हणून फर्निचरची मालिका काढली. सांधे घट्ट, वेत ताणलेला, मोडली तर निर्धास्तपणे दुरुस्त करता येते. पुढे भाव चढेल ही आशा मात्र ठेवू नका.

दोन्हींत वेताची काळजी सारखीच. सततच्या एसीत तो कोरडा पडून तुटतो. अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूनं ओलसर फडका फिरवा. आणि टेबलाशी बसून काम करायचं असेल तर हातांची कार्यालयीन खुर्चीच घ्या. याच घडणीची, मागे रेललेली बुटकी आरामखुर्ची फोटोत देखणी दिसते, पण तिच्यात बसून टेबलावर लिहिता येत नाही.