ट्रोव्ह: शोध फुकट, पण निधीची धाकधूक कायम

ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ऑनलाइन शोधसेवा २००९ पासून चालू आहे. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळायला इतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. पैसे लागत नाहीत, नावनोंदणीची सक्ती नाही. साठा मुख्यतः १९५४ पर्यंतचा. पुढे स्वामित्वहक्क आडवे येतात.

आधी वर्तमानपत्रांचा विभाग निवडा, मग दशक आणि राज्य लावून यादी आटोक्यात आणा. बातमी उघडली की पानाचं छायाचित्र दिसतं आणि शेजारी यंत्राने वाचलेला मजकूर. खरी गोम इथेच आहे, कारण शोध छायाचित्रात नव्हे, या मजकुरात होतो. शाई पसरलेली असेल किंवा मायक्रोफिल्म (पानांची बारीक छायाचित्रं असलेली फीत) अंधूक असेल तर यंत्र चुकतं. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले की त्याला ‘एम’ दिसतो. ‘हॉर्न’ आडनावाचं ‘होम’ होऊन बसतं आणि माणूस यादीतून गायब. म्हणून आडनाव सापडलं नाही तर असं बिघडलेलं स्पेलिंग टाकून बघा, नाहीतर गाव आणि वर्षावरून शोधा. सापडलं की ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करा. दुरुस्ती कोणालाही करता येते, आणि पुढच्या माणसाची पायपीट वाचते. वाचकांनी आजवर अशा कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत.

दोष एकच, पण मोठा: पैशांची शाश्वती नाही. २०१६ च्या कपातीत स्कॅन झालेली पानं जागेवर राहिली, पण संग्रहालयं आणि विद्यापीठांच्या साठ्यांच्या नोंदी ट्रोव्हमध्ये गोळा करणं थांबवायची वेळ आली. वापरणाऱ्यांनी आवाज उठवला आणि वर्षअखेरीस चार वर्षांसाठी १ कोटी ६४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. २०२३ च्या जूनअखेर निधी संपणार होता, म्हणजे पुन्हा तीच टांगती तलवार. त्याआधी एप्रिलमध्ये चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख आणि त्यानंतर दरसाल ९२ लाख डॉलर जाहीर झाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

एकदा स्कॅन झालं की खर्च संपला, हा समज साफ चुकीचा आहे. फायली नव्या साठवण-यंत्रांवर हलवाव्या लागतात, त्या बिघडल्या नाहीत ना हे तपासावं लागतं, दुरुस्त्या शोधसूचीत मिसळाव्या लागतात. हे जाणणारी माणसं कपातीत गेली, तर नंतर निधी आला तरी ती परत मिळतीलच असं नाही.

ट्रोव्ह वापरून काही लिहिलंत, तर नावानिशी उल्लेख करा आणि बातमीसोबतचा कायमचा दुवा द्या. निधी मागताना ग्रंथालयाला असाच वापर दाखवता येतो.