चासीचा फोटो पाहून मी तिसरा हप्ता भरला

ऑफ-रोड, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या लहान कंपनीकडे गाडी बुक केलेल्यांसाठी किंवा करायच्या बेतात असलेल्यांसाठी हे लिहितोय. माझे पैसे बुडाले, तुमचे अजून वाचू शकतात.

कंपनी पहिल्यापासून खोटी नव्हती, हे आधीच सांगतो. दोघे मित्र लोकांच्या जुन्या जीपना सस्पेन्शन आणि डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय) बसवून द्यायचे. काम चोख होतं. पुढे त्यांनी स्वतःची लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा सांगाडा, अर्थात चासी, बनवली आणि तिच्यावर बाहेरून घेतलेलं इंजिन आणि ॲक्सल चढवले. ती गाडी मी चालवली आहे. लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय न लावता, ओल्या दगडांवरून ती इतकी शांतपणे वर गेली की त्याच दिवशी मी पहिला हप्ता भरला.

हातानं घडवलेली एक गाडी उत्तम चालते, म्हणून तशा शंभर गाड्या विकायची परवानगी मिळत नाही. ब्रेक, दिवे, धूर, सगळ्याच्या चाचण्या असतात. यांचं घोडं इंजिनापाशी अडलं. पुरवठादारानं ते मॉडेल बंद केलं, आणि नवं इंजिन म्हणजे धुराच्या मंजुरीची खटपट पहिल्यापासून. दीड वर्ष एकही गाडी बाहेर पडली नाही. तेवढ्या काळात पगार आणि भाडं आमच्या ॲडव्हान्समधून जात होतं.

इथवर मी त्यांना अपयशी म्हणेन. फसवणूक पुढे झाली. “उरलेली रक्कम आता भरा, रांगेत पुढे घेतो,” असा फोन आला. सोबत ‘तुमची चासी’ म्हणून फोटो आणि चासी नंबर. मी पैसे भरले. काही महिन्यांनी दुसऱ्या एका ग्राहकाशी ओळख झाली. त्याच्याकडेही फोटो होता. मागच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगचा तोच ओघळ, तोच डाग. नंबर मात्र वेगळा.

तो नंबर मी तेव्हाच नीट पाहायला हवा होता. चासी नंबर १७ अंकी-अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. माझ्या नंबरात ‘ओ’ होता.

पैसे परत करणं अशक्य नसतं. अमेरिकेतल्या बॉलिंजर मोटर्सनं जानेवारी २०२२ मध्ये बी१ आणि बी२ या गाड्या बेमुदत लांबणीवर टाकल्या, तेव्हा बुकिंगची रक्कम परत देत असल्याचं जाहीर केलं. आमच्या रकमा मात्र कंपनीच्या रोजच्या खर्चाच्या खात्यात मिसळलेल्या होत्या. दिवाळं निघाल्यावर कळलं, आम्ही विनातारण धनको. गहाण ठेवून कर्ज देणारी बँक आधी, आम्ही अगदी शेवटी.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रीसाठीच्या मंजुरीचं प्रमाणपत्र मागा, चाचणी चालू असल्याचं पत्र नको. ॲडव्हान्स तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या वेगळ्या खात्यात राहील का, ते लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा.

लिलावाची यादी मी पूर्ण वाचली. मी चालवलेली ती गाडी तिच्यात होती, आणि तीन रिकाम्या चासी. तिन्हींवर एकही नंबर कोरलेला नव्हता.