मांडीच्या शिरेतलं रक्त की हृदयातलं?

अनेक औषधं सापडलेल्या मृत्यूच्या विषविश्लेषण अहवालात आकड्याआधी नमुना कुठून घेतला ते वाचा. मृत्यूनंतर ॲमिट्रिप्टिलीनसारखी (हे नैराश्यावरचं औषध) औषधं फुफ्फुस-यकृतातून पाझरून हृदयातल्या रक्तात उतरतात. तिथला आकडा जिवंतपणीच्या पातळीच्या कितीतरी पट फुगू शकतो. जठरातली दारूही तिकडे झिरपते. तरी हे रक्त भरपूर मिळतं, त्यामुळे कोणती औषधं आहेत एवढं शोधायला ते चालतं.

रक्तात औषधाचं प्रमाण किती ते ठरवायला मांडीच्या शिरेतलंच हवं: शीर वरच्या बाजूला बांधून काढलेलं, नमुना खराब होऊ न देणारं सोडियम फ्लोराइड घातलेलं. तेही पूर्ण निर्दोष नसतं.

शिवाय मॉर्फिन, डायझेपाम (चिंतेवरचं, गुंगी आणणारं औषध) आणि दारू प्रत्येकी घातक पातळीखाली असूनही एकत्र श्वास थांबवू शकतात. त्यांची सवय नसलेल्या माणसात तर अधिकच. म्हणून एकेका आकड्यावरून मृत्यूचं कारण ठरवू नका.